नोंदवहीतलं कोकण

पवनेच्या एका काठावर चिंचवड गाव, समोरच्या काठावर थेरगाव. चिंचवडच्या बाजूला मोरया गोसावींची समाधी आणि त्यांच्या मागून चालत आलेल्या देव घराण्याचं संस्थान. या संस्थानाची इनामं, त्यांच्या सनदा, गावांचे वसूल, भाऊबंदकीचे तंटे आणि त्यांचे निवाडे यांचे इतके कागद टिकले की लॉरेन्स प्रेस्टन नावाच्या अभ्यासकाने त्यांवर अख्खा ग्रंथ लिहिला. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने तो १९८९ मध्ये छापला. गणपतीच्या या एका ठाण्याला कोणत्या राजवटीने काय दिलं आणि कोणत्या राजवटीने काय काढून घेतलं, हे थेरगावच्या माणसाला पुस्तकात बोट ठेवून दाखवता येतं.

दुसरा एक गणपती इथून साडेचार हजार किलोमीटरांहून लांब, हिंदी महासागरात आहे. मॉरिशसच्या मधल्या पठारावर वाक्वा शहराजवळ हेन्रिएटा नावाचं गाव आहे. तिथल्या भिवाजी कुटुंबाने १८९६ साली घरी गणपती बसवला आणि बेटावरच्या गणेशोत्सवाची सुरुवात तिथून धरली जाते. पुण्यात टिळकांनी गणपती चौकात आणला त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. हेन्रिएटाच्या गणपतीला ना सनद, ना इनाम. त्याच्या मागे आहे ती एका घराची आठवण, आणि वर्षानुवर्षं न मोडलेला नेम. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते.

मॉरिशसमधल्या मराठी माणसांचा भूतकाळ असा दोन ठिकाणी वाटला गेला आहे. नावं, तारखा, गावं ही सगळी माहिती गोऱ्या सरकारच्या वह्यांत. आठवण घरात, देवघरात आणि गाण्यात. वहीला आठवण नाही आणि गाण्याला तारीख नाही. बेटावर वारसा जपण्याचं जे काम गेली पन्नासेक वर्षं चाललं आहे, ते मुख्यतः ही दोन टोकं एकमेकांना जोडण्याचं आहे.

बेट तसं लहान, पुणे जिल्ह्याच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढं. मूळचं असं तिथे कोणीच नाही. डच १५९८ मध्ये उतरले, पुढे वस्ती केली, डोडो पक्षी संपला आणि १७१० मध्ये तेही निघून गेले. मग फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण भाषा, कायदे आणि उसाचे मळे फ्रेंच जमीनदारांच्याच हाती राहिले. १८३५ मध्ये इथली गुलामगिरी कायद्याने संपणार हे ठरलं आणि मळेवाल्यांना आधीपासूनच घोर लागला तो ऊस तोडणार कोण याचा. त्यावर उत्तर निघालं हिंदुस्थानातल्या करारी मजुरांचं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तो दिवस मॉरिशस आजही सुट्टी देऊन पाळतो. विसावं शतक उजाडून दोन दशकं होईपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं अशी उतरली. त्यांतली साधारण एक-तृतीयांश परतली, बाकीची तिथलीच झाली.

यात कलकत्त्याहून गेलेले भोजपुरी लोक सर्वांत जास्त, त्यांच्याखालोखाल मद्रासचे तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे. त्यांतले पुष्कळसे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात धरायचा. खोताची जमीन, एका पावसावरचं भातपीक, वाटण्या होऊन तुकडे झालेली शेतं, असं सगळं मागे टाकून माणूस मुंबईला यायचा. मुंबईत अजून गिरणीचा भोंगा वाजायचा होता. पहिली कापड गिरणी १८५०च्या दशकात सुरू झाली. म्हणजे सुरुवातीच्या कोकणी माणसासमोर गिरणगाव नव्हतंच, समोर होती ती गोदी आणि गोदीत भरतीवाला दलाल. पुढे मुंबईतच काम आणि बरी मजुरी मिळू लागली, तशी मॉरिशसकडे जाणारी ही वाट आटत गेली. त्यामुळे मॉरिशसचे मराठी लोक संख्येने थोडे राहिले. शिवाय पुढच्या काळात ताजी माणसं येणंही थांबलं, त्यामुळे गावाकडची खबर, नवी गाणी, नवे शब्द हे सगळं लवकर तुटलं.

मुंबई इलाख्यातली माणसं मजुरांच्याही आधी या बेटावर पोचली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून शिक्षा झालेले कैदी मॉरिशसला पाठवले जात. त्यांनी रस्ते बांधले. १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून फिरणारा चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला थांबला तेव्हा त्याने या हिंदी कैद्यांना काम करताना पाहिलं आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांबद्दल आपल्या प्रवासवर्णनात आदराने लिहिलं. पेशवाई बुडाल्यानंतरच्या धामधुमीत मुंबई सरकारने ज्यांना ‘काळ्या पाण्या’वर धाडलं, त्यांतल्या काहींचं काळं पाणी अंदमान नव्हतं, मॉरिशस होतं. त्यांचे वंशज कोण, हे कोणालाही आवर्जून सांगावंसं वाटलं नसणार. वारसा जपताना माणसं पूर्वजही निवडून घेतात.

आता वही. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. भारत आणि मॉरिशस या दोन सरकारांनी मिळून १९७० मध्ये ही संस्था उभी केली. मजुरांच्या आगमनाच्या सरकारी नोंदवह्या इथेच सांभाळल्या आहेत. एका पानावर एका जहाजाची माणसं रांगेने लिहिलेली. प्रत्येकाला एक क्रमांक. तो जन्मभर पाठ सोडत नसे. पुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, मग जिल्हा, परगणा किंवा तालुका, आणि गाव. शेवटी कोणत्या मळ्यावर रवानगी झाली ते. अंगावरच्या खुणांत देवीचे व्रण, भाजल्याचे डाग, गोंदण. घरच्या माणसांना पणजोबांचा चेहरा माहीत नसतो, पण डाव्या भुवईवर चट्टा होता हे सरकारला माहीत असतं.

१८६०च्या दशकात यात छायाचित्रांची भर पडली. मळ्याबाहेर दिसलेला मजूर पळून आलेला आहे की करार पुरा केलेला, हे पोलिसांना ओळखता यावं म्हणून १८६७च्या कायद्याने ‘जुन्या’ मजुरांवर फोटो लावलेलं टिकीट बाळगण्याची सक्ती झाली. टिकीट जवळ नसलं की तुरुंग. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपयांच्या घरात, आणि एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांचा पगार कापायचा नियम. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मूळच्या युरोपीय माणसाच्या पुढाकाराने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरला अर्ज केला. त्यावर चौकशी आयोग बसला. आज मात्र त्याच टिकिटावरचा फोटो वंशजांच्या दिवाणखान्यात मोठा करून लावलेला असतो. त्यात माणूस कॅमेऱ्याकडे ताठ बघतो, खांद्यावर उपरणं किंवा उघडं अंग, गळ्यात कधी माळ. छळासाठी काढलेला फोटो घराण्याचा पहिला फोटो ठरला. त्या कारकुनाचे आभार मानायचं कारण नाही, पण त्याचं काम चोख होतं हे मान्य करावं लागतं.

चोख म्हणजे बिनचूक नव्हे. पोर्ट लुईचा कारकून इंग्रजी किंवा फ्रेंच कानाने ऐकायचा आणि हाताला येईल तसं लिहायचा. रत्नागिरीचं स्पेलिंग वहीगणिक बदलतं. आडनाव लिहायची चाल नव्हती. माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच. पुढच्या पिढीत बापाचं नाव हेच आडनाव झालं आणि तिथेच गोठलं. हेन्रिएटाचे भिवाजी हे असेच. कोकणात भिवाजी हे पाळण्यातलं नाव, मॉरिशसमध्ये ते घराणं झालं. त्यामुळे मॉरिशसहून कोणी आपलं आडनाव सांगत रत्नागिरीत आलं तर त्या आडनावाचा भाऊबंद त्याला मिळणार नाही. शोधायचा असतो तो दीडशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा बाप.

शोधण्याची पद्धत ठरून गेली आहे. वंशज आधी नागरी नोंदणी कार्यालयातून आजी-आजोबांचे, पणजोबांचे जन्म-लग्नाचे दाखले काढतात. जुन्या दाखल्यांवर आईबापांच्या नावापुढे त्यांचा स्थलांतर क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक हाती लागला की मोक्याला अर्ज करायचा. तिथे वहीतून उतारा मिळतो: जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख, गाव, आणि नशीब चांगलं असेल तर फोटो. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी मॉरिशसला गेले तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देण्याची घोषणा झाली. सात पिढ्या म्हटल्या की थेट जहाजापर्यंत पोचावं लागतं. आजवर हौसेने किंवा भक्तीने काढला जाणारा उतारा आता सरकारदरबारी लागणारा कागद झाला.

उतारा घेऊन माणूस कोकणात उतरला की खरी पंचाईत सुरू होते. कोकणात एकाच नावाची गावं ढिगाने. नांदगाव, पाली, कोंडगाव म्हटलं तर विचारणारा लगेच विचारतो, कुठलं? आणि गाव सापडलं तरी कोकणातला माणूस गावात राहत नाही, वाडीत राहतो. कारकुनाने वाडी लिहिलेली नाही. गावात पूर्वजांचा माग लागतो तो देवळाच्या मानपानात, पालखीच्या क्रमात, जमिनीच्या जुन्या फेरफारांत. पण या सगळ्यांत नाव राहतं ते गावात राहिलेल्याचं. बोटीत बसून गेला आणि परत आला नाही, त्याचं नाव वाटणीतून गळलं. म्हणजे मॉरिशसच्या बाजूने धागा नीट आहे, तुटला आहे तो रत्नागिरीच्या बाजूला. मुंबई इलाख्याचे सरकारी कागद मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. बंदरावर या माणसांना कोणी भरती केलं, कुठे ठेवलं, काय सांगितलं, याचा माग काढायचा तर तिथे आणि मोक्याला एकाच वेळी बसायला हवं. इतिहासकार मरीना कार्टर यांनी करारी मजुरांची पत्रं, अर्ज आणि कोर्टातल्या जबान्या धुंडाळून १९९०च्या दशकात जे काम केलं, त्याने दाखवून दिलं की अंगठा उठवणाऱ्या माणसाचाही आवाज सरकारी कागदात सापडतो. फक्त शोधणारा भाषा जाणणारा हवा.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात हा विषय इतका परका नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एकामागून एक कारखाने आले, आणि थेरगाव, काळेवाडी, रहाटणी यांसारख्या गावांच्या शिवारात कोकणापासून मराठवाड्यापर्यंतची माणसं येऊन राहिली. गणपतीच्या तोंडावर वल्लभनगरच्या एसटी स्थानकात चिपळूण, गुहागर, देवरूखच्या जादा गाड्या लागतात तेव्हा तिथे जी झुंबड उडते, तिच्यातल्या बऱ्याच जणांची मुळं ज्या वाड्यांत आहेत, त्याच वाड्यांतून कोणीतरी मॉरिशसला गेलेलं असू शकतं. फरक इतकाच की चाकरमान्याला परतीची एसटी होती, म्हणून त्याचा गाव सुटला नाही. आणि उद्या थेरगावच्या या पिढीचा इतिहास कोणी लिहायला बसलाच, तर त्यालाही सुरुवात ठेकेदाराच्या हजेरीपटापासून, गेटपासपासून आणि अकरा महिन्यांच्या भाडेकरारांपासून करावी लागेल. चाकणच्या शेडमधला हजेरीपट आणि पोर्ट लुईची नोंदवही एकाच जातीचे कागद आहेत: माणूस किती दिवस कामाला आला तेवढंच त्यांना कळतं.

वहीत जे नाही ते गाण्यात आहे. कोकणात गणपतीच्या रात्री जाखडी नाचतात, मुंबईकडे तिलाच बाल्या नाच म्हणतात. मधोमध मृदंगवाला, झांजवाला आणि गाणारा बुवा. भोवती नाच्यांचं रिंगण. पायात चाळ बांधलेला, कमरेत वाकून पाय आपटायचा, ताल वाढला की रिंगण उलटं फिरवायचं. आधी गण म्हणजे गणपतीला वंदन, मग गवळण, मग दोन पक्षांचे सवाल-जवाब: एक शक्तीला मोठं म्हणणारा, दुसरा शिवाला. शाहीर समोरच्याला पुराणातलं कोडं घालतो आणि समोरच्याने गाण्यातच ते सोडवायचं. ही सगळी विद्या तोंडी. वही असली तरी बुवाच्या ट्रंकेत.

मॉरिशसमध्ये तिला झाकरी म्हणतात. मळ्यावरच्या वस्तीत दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांकडे देऊळ बांधायला पैसा नव्हता, पोथी वाचायला अक्षरओळख नव्हती, पण पाठ असलेली गाणी होती. त्यामुळे मराठी माणूस म्हणून ओळख टिकली ती आधी झाकरीवर आणि घरच्या गणपतीवर. पश्चिम भागातल्या कॅस्कावेलसारख्या मराठी वस्तीच्या गावांत आजही गणपतीत झाकरीचं रिंगण धरलं जातं. गाणाऱ्याच्या घरची रोजची भाषा क्रिओल, शाळेची इंग्रजी, वर्तमानपत्राची फ्रेंच. ओळी मात्र कोकणातून आलेल्या. पिढ्यान्‌पिढ्या कानावरून कानावर येताना शब्द झिजतात, जोडले जातात, एखादा उच्चार फ्रेंच वळणाचा होतो. शुद्धतेच्या कैवाऱ्याला हे खटकेल. पण कोकणातल्या जाखडीने तरी या काळात सिनेमाच्या चाली, कीबोर्ड आणि स्टेजची दिवाबत्ती घेतलीच की. अभ्यासाच्या दृष्टीने पाहिलं तर एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या ओळीचा जुना घाट संगमेश्वरपेक्षा कॅस्कावेलला सापडण्याची शक्यता नाकारता येत नाही. आलेल्या माणसांचा ओघ थांबला की आणलेली वस्तू जपून वापरली जाते.

हेन्रिएटाचं साल १८९६ असणं यालाही कारण असावं. १८७०-८०च्या सुमारास साखरेचे भाव पडू लागले आणि मोठ्या मळेवाल्यांनी कडेची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकायला काढली. करार संपवलेल्या मजुरांनी साठवलेल्या पैशांतून, बायकांच्या अंगावरचं सोनं मोडून ती घेतली. मळ्याच्या बराकीतून माणूस स्वतःच्या दाराशी आला. दार असलं की तोरण बांधता येतं, आणि पाट मांडायला स्वतःची ओसरी लागते. जमीन आली, मग गाव आलं, मग उत्सव आला, हा क्रम बेटावरच्या सगळ्याच हिंदी समाजांत दिसतो.

भाषेचं गाडं मात्र वेगळ्या रस्त्याने गेलं. गावोगाव संध्याकाळी भरणाऱ्या बैठकांनी अक्षरओळख जिवंत ठेवली. बैठका म्हणजे मातीच्या किंवा पत्र्याच्या खोल्या. दिवसा मळ्यात राबलेली माणसं तिथे कंदिलाच्या उजेडात धडे गिरवत. १९४८च्या निवडणुकीआधी मताचा हक्क बेटावरच्या कोणत्याही भाषेत साधं लिहू-वाचू शकणाऱ्या प्रौढांना मिळाला, तेव्हा बासदेव बिसूनदयाल यांच्या चळवळीने बैठकांमधून हजारोंना सही शिकवली. अक्षर हा मग केवळ संस्कृतीचा विषय राहिला नाही. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झालं. पुढे हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीही प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून बसली, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये पदवीपर्यंत पोचली, नभोवाणी-दूरचित्रवाणीवर तिला वेळ मिळाला आणि सरकारी नाट्यमहोत्सवात मराठी नाटकांची स्पर्धा होऊ लागली. साडेबारा लाखांच्या देशात मूठभर लोकांच्या भाषेसाठी एवढी सोय महाराष्ट्राबाहेर भारतातही फार ठिकाणी नाही.

पण शाळेत शिकवली जाते ती पुण्या-मुंबईची पुस्तकी मराठी. पणजीची बोली पुस्तकात नाही आणि पुस्तकातली बोली घरात नाही. मूल मराठी शिकतं ते परीक्षेसाठी, एखाद्या परक्या भाषेसारखी. २०१२ पासून क्रिओलही शाळेत ऐच्छिक विषय झाली, म्हणजे ज्या भाषेत मूल स्वप्न पाहतं तिच्याशी आता मराठीची चढाओढ आहे. क्रिओलला दोष देण्यात अर्थ नाही. गुलाम, मजूर, मळेवाले या सगळ्यांच्या झटापटीतून बेटावर जन्मलेली तीच एक भाषा आहे, आणि मॉरिशसच्या मराठी माणसाचा वारसा तिच्यातही आहे.

महाराष्ट्राने या लोकांची दखल घेतली ती बहुतेक समारंभांतून. १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषद मॉरिशसला भरली. २८ एप्रिल २०२३ रोजी तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तेव्हाचे मॉरिशसचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ आणि महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस हजर होते. अशा गोष्टींनी तिथल्या तरुणांना बळ मिळतं, यात शंका नाही. मात्र पुतळ्यातला इतिहास रायगडाचा आहे. कुळवाड्याच्या पोराने पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवला तो इतिहास संगमेश्वर-लांज्याचा आहे, आणि त्याच्याकडे पाहायला महाराष्ट्र अजून तितकासा तयार दिसत नाही. हिंदी वाचकाला अभिमन्यू अनत यांच्या ‘लाल पसीना’ने हे मजूर कादंबरीतून भेटवले, अनत स्वतः मॉरिशसचेच.

बेटांच्या बाबतीत एक चूक जगभर होत आली आहे: जागा जपली जाते, माणसं नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचं बेट आहे. २९ ऑगस्ट १९३० रोजी तिथल्या उरलेल्या ३६ रहिवाशांना त्यांच्याच विनंतीवरून मुख्य भूमीवर हलवलं. बेट आता जागतिक वारसा आहे, दगडी घरं डागडुजी करून ठेवली आहेत, राहायला कोणी नाही. आपल्याकडे मुंबईसमोरचं घारापुरी पाहा. लेणी १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या बेटावरच्या तीन गावांत वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्रिमूर्तीबद्दल पुस्तकांचे गठ्ठे आहेत. लेण्यांच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांची आठवण कोणी लिहून घेतली, असा प्रश्न विचारला की यादी झटकन संपते.

याच्या उलट टोकाला चागोस. मॉरिशसच्या ईशान्येला असलेला हा द्वीपसमूह ब्रिटनने १९६५ मध्ये वेगळा काढला, दिएगो गार्सियाचा तळ अमेरिकेला दिला आणि १९७३ पर्यंत तिथल्या सगळ्या रहिवाशांना उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडलं. त्यांच्याकडे बेटच उरलं नाही. उरलं ते ढोलावरचं गाणं, सेगा. २०१९ मध्ये युनेस्कोने ‘तातडीने जपायला हवं’ या यादीत त्याची नोंद केली. बेटावाचून बेटाचा वारसा कसा धरून ठेवायचा, हे त्यांच्या म्हाताऱ्या बायकांकडून शिकावं.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट या दोन टोकांच्या मधला. मजुरांना उतरवून ठेवायची ही कोठी १८४९ मध्ये बांधली. नंतर तिचा मोठा भाग रस्ता आणि इतर बांधकामांत गेला. उरलं ते फाटक, काही खोल्या, आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या. लोक त्याला कुली घाट म्हणत. ‘जमाना’ वृत्तपत्राचे संपादक बिक्रमसिंग रामलाला यांनी ही जागा वाचावी म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तिथे लोकांना आणून पूर्वजांना फुलं वाहायची प्रथा पाडली. २००६ मध्ये घाट जागतिक वारसा झाला आणि तिथल्या माहिती केंद्राला त्यांचंच नाव दिलं गेलं. सोळा पायऱ्या चढून आलेल्यांत कोकणातला माणूसही होता, पण घाटाची कहाणी सांगताना बोलली जाते ती भोजपुरी. बहुसंख्याकांची आठवण मोठी होते, यात कोणाचा कावा नाही. ज्यांच्याकडे संख्या नाही त्यांना कागद आणि ध्वनिमुद्रण जास्त लागतं.

भोजपुरी स्त्रियांच्या लग्नगीतांचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. गीत-गवाई २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती आपोआप नाही. सरिता बुधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या गायिकांना एकत्र आणलं, गीत-गवाईच्या शाळा काढल्या, म्हाताऱ्या गायिकांसमोर तरुणींना बसवलं. युनेस्कोकडे जाण्याआधी ती कला देशाच्या स्वतःच्या सूचीत नोंदलेली असावी लागते, गाणाऱ्यांची संमती लागते आणि पुढची पिढी कशी तयार करणार याचा आराखडा लागतो. मॉरिशसच्या नावावर युनेस्कोच्या याद्यांत सेगाचे तीन प्रकार आणि गीत-गवाई अशा चार नोंदी आहेत. झाकरी त्यांत नाही. तिच्यासाठी आधी साधी खानेसुमारी हवी: कोणत्या गावात कोणतं मंडळ, कोणत्या बुवाला कोणती गाणी, कोणाकडे जुनी वही किंवा कॅसेट. आणि ते काम एकट्या मॉरिशसने करून पुरं होणार नाही. बदललेली ओळ कुठली आणि मुळातच तशी असलेली कुठली, हे ठरवायला चिपळूण-संगमेश्वरकडचा एखादा जाणता शाहीर त्या गायकांसमोर बसवावा लागेल, दोघांना एकच गण म्हणायला लावावा लागेल आणि मध्ये ध्वनिमुद्रक चालू ठेवावा लागेल.